गुण कमी पडले, म्हणून सेवाही संपली काय?

तेंदूपत्त्याचा हंगाम संपून फळीवरचा हिशेब हाती येतो, बांधीत पऱ्हे टाकण्याची घाई सुरू होते, आणि त्याच सुमारास आमच्या चंद्रपूर व गडचिरोली या जंगलपट्टीतील कित्येक घरांत एक निकाल येऊन पोहोचतो. ज्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस आपण 'नीट' म्हणतो, तिचा तो निकाल होय. असे एक घर वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. कोरचीकडील अथवा एटापल्लीकडील एखादे गाव आहे. मुलगी लहान असता तिचा धाकटा भाऊ पावसाळ्यात तापाने गेला. नाल्याला पूर होता आणि पलीकडे नेणे झाले नाही. त्या दिवसापासून 'मी डॉक्टर होईन' हे शब्द तिने धरून ठेविले. बापाने दोन हंगामांचे पैसे शिकवणीस दिले. मायने मोहफुले वेचून वसतिगृहाचा खर्च भागविला. आता आकडा आला आहे, आणि प्रवेशाच्या यादीत तिचे नाव नाही. बाप ओसरीवर मुकाट बसला आहे, मुलगी आत भिंतीकडे तोंड करून निजली आहे, आणि मंडळीचा उपदेशक दारात उभा आहे. त्याने काय बोलावे?

हा प्रश्न केवळ पोटापाण्याचा आहे असे आम्हांस वाटत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे. मनुष्याने चांगल्या हेतूने एक निश्चय केला, त्यासाठी कष्ट केले, आणि दार उघडले नाही, तर तो निश्चय सोडणे ही हार म्हणावी, की त्या निश्चयाचा खरा अर्थ आता कुठे कळू लागला असे म्हणावे? याचा विचार आपण शांतपणे करू.

प्रथम वस्तुस्थिती पाहू, कारण खोट्या समजुतीवर दिलेले सांत्वन टिकत नाही. ही परीक्षा 720 गुणांची आहे. बरोबर उत्तरास 4 गुण मिळतात, चुकल्यास 1 गुण वजा होतो. 2024 साली सुमारे 24 लाख उमेदवारांनी तिच्यासाठी नावे नोंदविली, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे सर्वच मुले विद्वान असती, तरी त्यांपैकी बहुतेकांस परत यावेच लागले असते. शिवाय परीक्षेत 'पात्र' ठरणे ही एक गोष्ट आहे व प्रवेश मिळणे ही दुसरी. पात्रतेची रेषा ओलांडूनही लाखो मुले घरीच राहतात. तेव्हा जो उपदेशक अथवा शिक्षक अशा मुलास 'तू आळशी होतास' म्हणून दोष देतो, तो साधे गणित न करिता न्यायनिवाडा करावयास बसतो.

आता मुलीच्या इच्छेकडे वळू. ती 'मला डॉक्टर व्हावयाचे आहे' असे म्हणते, तेव्हा त्या एका वाक्यात बहुधा दोन इच्छा एकत्र विणलेल्या असतात. एक इच्छा अशी की, पुढे कोणाचा भाऊ असा जाऊ नये. दुसरी अशी की, आपणांस मान मिळावा, घराचे दैन्य फिटावे, गावाने आपले नाव घ्यावे. दुसरी इच्छा पापी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या आजोबांस कचेरीच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या नातीस मान हवा असला तर त्यात नवल ते काय? परंतु या दोन इच्छांची गाठ सोडवून पाहिल्याशिवाय पुढचा मार्ग दिसत नाही. कारण निकालाने पहिल्या इच्छेचे दार बंद केलेले नाही. बंद झाले आहे ते दुसऱ्या इच्छेचे एक दार, आणि तेही कदाचित एका वर्षापुरते.

अशा वेळी दोन प्रकारचे वाईट सल्लागार घरी येतात. पहिला म्हणतो, "नशिबातच नव्हते, आता लग्न करून टाका." दुसरा म्हणतो, "काहीही करा, पण डॉक्टर कराच." पहिल्याचा सल्ला क्रूर आहे, हे सहज दिसते. दुसऱ्याचा सल्ला प्रेमाचा वाटतो, म्हणून अधिक धोक्याचा आहे. 'काहीही करा' या शब्दांत बांधी गहाण ठेवणे येते, दलालाच्या हाती पैसे देणे येते, आणि कधी कधी याहून वाईटही येते. 2024 च्या परीक्षेची प्रश्नपत्रिका हजारीबाग व पाटणा येथे फुटली होती, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात नमूद केली. जे आईबाप अशा वाटेने जातात, त्यांच्याही मनात आरंभी लेकराचे कल्याणच असते. परंतु चोरलेल्या उत्तरांनी जो डॉक्टर होईल, तो तापाने फणफणलेल्या मुलासमोर बसेल तेव्हा काय करील? तेथे उत्तरे कोणी आणून देणार नाही.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. प्रवेशाची ही अट कोणासाठी आहे? आपण समजतो की, ती विद्यार्थ्यास अडविण्यासाठी आहे. खरे पाहता ती रोग्यासाठी आहे. गडचिरोलीच्या रानात जो हिवताप मेंदूत चढतो, त्याची परीक्षा व औषध वेळेवर झाले नाही तर थोड्याच दिवसांत माणूस जातो. त्या रोग्यास, तो कितीही गरीब असला तरी, जाणत्या डॉक्टराचा हक्क आहे. आमच्याच गावाला कमी शिकलेला डॉक्टर चालेल, असे म्हणणे म्हणजे आमच्याच माणसांचा जीव स्वस्त ठरविणे होय. म्हणून कसोटी असावी, आणि ती कडक असावी, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करितो.

परंतु कसोटी असावी हे म्हणणे आणि आजची शर्यत न्याय्य आहे हे म्हणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. तीन तासांची परीक्षा स्मरण, वेग व सराव मोजते. रात्री दोन वाजता बाळंतिणीजवळ जागणारे धैर्य ती मोजीत नाही. जेथे भौतिकशास्त्राचा शिक्षक वर्ष वर्ष नेमला जात नाही, त्या शाळेतील मुलीला आणि नागपुरात मोठी फी भरून तयारी करणाऱ्या मुलाला ती एकाच तागडीत घालते. म्हणून, गरिबाच्या मुलीस 'तू खालची जागा घे व समाधान मान' असे सांगण्यापूर्वी, सांगणाऱ्याने आपले मन तपासावे. समाधानाचा उपदेश श्रीमंतांच्या मुलांस क्वचितच केला जातो. तो नेहमी गरिबांच्याच वाट्यास येतो. आमचे हे लिहिणे त्या जातीचे होऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

दारे कोणी मांडली, हे इतिहासावरून कळते. स्वातंत्र्यापूर्वी नागपुरातील रॉबर्टसन मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून एम.बी.बी.एस.हून लहान अभ्यासक्रम पुरा करून डॉक्टर बाहेर पडत. 1946 साली भोर समितीने सर्व देशास एकाच प्रकारचा पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा असा अभिप्राय दिला, आणि ते लहान दार पुढे बंद झाले. हेतू चांगला होता. परंतु खेड्यांस पुरतील इतके पूर्ण शिकलेले डॉक्टर मात्र आले नाहीत. उलट, नवी दारेही माणसांनीच उघडली: चंद्रपुरास 2015 साली व गडचिरोलीस 2024 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तात्पर्य, दार हे दैव नव्हे. जे माणसांनी बांधले ते माणसांस रुंद करिता येते. म्हणून त्या मुलीस धीर देणे हे आपले एक कर्तव्य, आणि आपल्या शाळेस विज्ञानाचा शिक्षक मिळावा म्हणून ग्रामसभेत उभे राहणे हे दुसरे. पहिले करून दुसरे विसरणारा उपदेशक अर्धेच काम करितो.

आता त्या पहिल्या इच्छेचे काय? डॉक्टर न होता जीव वाचविता येतात काय? या प्रश्नाचे उत्तर दूर शोधावयास नको. ते आमच्याच जिल्ह्यात मिळाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापिली. तिने 39 गावांत, थोड्याशा शिकलेल्या गावच्याच स्त्रियांस, नवजात बाळाची घरी काळजी कशी घ्यावी हे शिकविले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे व औषध देणे, हे सर्व त्या 'आरोग्यदूत' करू लागल्या. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे 2011 साली हीच रीत भारत सरकारने देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत सुरू केली. ज्या बायांच्या हातांनी हे घडले, त्यांपैकी कोणीही डॉक्टर नव्हती.

परंतु येथेही आम्हांस एक सावधगिरी सांगावयाची आहे. अशा स्त्रियांची स्तुती करणे सोपे आहे, त्यांचे मोल देणे कठीण. महाराष्ट्रातील आशांना 2023 साली मानधनवाढीसाठी संप करावा लागला. ज्या सेवेस आपण पवित्र म्हणतो, तिचे वेतन देताना हात आखडता घेणे हा ढोंगीपणा आहे. म्हणून मुलीस वाट दाखविताना तीत शिक्षण किती, नोंदणी कोणाची, वेतन काय व पुढे वाढ आहे की नाही, हे स्पष्ट सांगावे. नुसत्या त्यागाच्या गोष्टी सांगू नयेत.

मग मार्ग बदलावा, की आणखी एक वर्ष प्रयत्न करावा? सर्वांस लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पण तीन प्रश्न घरातील सर्वांनी एकत्र बसून विचारावे. पहिला: गुण किती कमी पडले? थोडे कमी पडले असतील, तर पुन्हा बसणे शहाणपणाचे आहे. फार कमी असतील, तर आशेने नव्हे, हिशेबाने बोलावे. दुसरा: पुढच्या वर्षी काय निराळे होणार आहे? शिक्षक, पुस्तके, अभ्यासाची जागा यांपैकी काहीच बदलणार नसेल, तर निकाल बदलेल असे मानण्यास आधार नाही. तिसरा: या वर्षाची किंमत कोण भरणार? धाकट्या भावंडाची शाळा सुटून मोठीचे वर्ष चालणार असेल, तर तो त्याग कोणी मागितला आहे व कोणी दिला आहे, हे उघड बोलले पाहिजे.

या प्रश्नांच्या अंती मार्ग बदलावा असे ठरले, तर वाटा पुष्कळ आहेत. परिचर्येची पदवी 4 वर्षांची आहे. सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राचा, म्हणजे जी.एन.एम.चा, अभ्यासक्रम 3 वर्षांचा आहे; ए.एन.एम.चा 2 वर्षांचा असून तो कला शाखेच्या मुलींसही खुला आहे. औषधनिर्माणाची पदविका 2 वर्षांची आहे. प्रयोगशाळेचे कामही लहान समजू नये. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी 2023 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि हा रोग आमच्या भागात घरोघरी ओळखीचा आहे. रक्ताची तपासणी अचूक करणारा कोणी नसेल तर त्या मोहिमेचा काय उपयोग? परिचारिकेस पुढे समुदाय आरोग्य अधिकारी होऊन उपकेंद्र सांभाळता येते. मात्र कोणत्याही खाजगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिला संबंधित परिषदेची मान्यता आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. सुंदर इमारत म्हणजे मान्यता नव्हे.

आणि एक वाट कधीही धरू नये. थोडे दिवस दवाखान्यात हाताखाली राहून, पिशवीत सुया व सलाईन घालून गावोगाव 'डॉक्टर' म्हणून हिंडणारे लोक आम्ही सर्वांनी पाहिले आहेत. त्यांपैकी कित्येकांची पहिली इच्छा चांगलीच होती. परंतु जे ज्ञान आपणांजवळ नाही ते आहे असे भासवून दुसऱ्याच्या शिरेत सुई घालणे, हे सेवेच्या नावाखाली केलेले असत्य होय. प्रामाणिक परिचारिका जेव्हा म्हणते, "हे माझ्या हातचे नाही, आत्ताच रुग्णालयात न्या," तेव्हा ती त्या भोंदूच्या शंभर सुयांहून अधिक जीव राखते.

आता त्या दारात उभ्या असलेल्या उपदेशकाकडे परत जाऊ. त्याने पहिल्या दिवशी उपदेश करू नये. आत जावे, बसावे, पाणी मागावे. शेजारच्या कोणाच्या मुलाला किती गुण पडले, हे सांगू नये. मुलगी जेवत नसेल, बोलत नसेल, जीव नकोसा झाला असे म्हणत असेल, तर तिला एकटी ठेवू नये. मनाच्या अशा दुखण्यासाठी सरकारचा 'टेलिमानस' हा फुकट दूरध्वनी 14416 या क्रमांकावर आहे. तो लावण्यात कमीपणा नाही. बापास सांगावे की, "पैसे गेले, पोर आहे." चार दिवसांनी, मन जरा हलके झाल्यावर, तिला विचारावे, "भाऊ गेला त्या रात्री तुला काय हवे होते?" ती बहुधा असे म्हणणार नाही की, मला पदवी हवी होती. ती म्हणेल, "कोणीतरी जाणते माणूस गावात हवे होते."

जाणते माणूस होण्याची वाट अजून मोकळी आहे. आमच्या शेतकऱ्यांस हे शिकवावे लागत नाही. धान निघाल्यावर त्याच बांधीच्या ओलीत तो लाखोळी पेरतो. आणि एखाद्या वर्षी पावसाने दगा देऊन धान गेले, तरी बांधी टाकून तो परागंदा होत नाही. लाखोळी म्हणजे धान नव्हे, हे त्यास पक्के ठाऊक असते, आणि पुढल्या वर्षी धानाचे बी तो पुन्हा राखतो. परंतु जमीन पडीक ठेवणे त्यास पाप वाटते. आमच्या मुलामुलींच्या मनातील सेवेची इच्छा ही तशीच ओल आहे. ती वाळण्यापूर्वी तीत काय पेरावे, हे त्यांच्याजवळ बसून ठरविणे, एवढेच आपले काम आहे.