शिकवले तेवढेच मोजावे

‘खेलो इंडिया’च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत पहिली ते तिसरीच्या मुलांची तीन मोजमापे घेतली जातात. एक उंची-वजनाचे. दुसऱ्यात मूल एका पायावर उभे राहते आणि मिनिटभराचा तोल सांभाळताना ते किती वेळा ढळले, हे शिक्षक टिपतात. तिसऱ्यात टेबलावरच्या दोन चकत्यांना एकाच हाताने आळीपाळीने, होईल तितक्या झपाट्याने स्पर्श करायचा असतो. पन्नास मीटर आणि सहाशे मीटर धावणे वगैरे चौथीपासून पुढे. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या शरीराविषयी उंची-वजनाखेरीज शाळा पहिल्यांदा जे लिहून ठेवते, ते त्याचा तोल आणि त्याच्या हालचालींचा मेळ. ज्या मुलाला नेमके हेच उपजत अवघड जाते त्याच्याविषयी काय लिहावे, आणि लिहिलेल्याचा पुढे श्रेणीशी काय संबंध असावा, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि त्याच अंगाने तो इथे तपासायचा आहे.

अशी मुले विरळा नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत विकासात्मक समन्वय विकाराचे, म्हणजे ज्याला सैलपणे डिस्प्रॅक्सिया म्हटले जाते त्याचे, प्रमाण पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत 5 ते 6 टक्के दिले आहे. चाळीसांच्या वर्गात सरासरी दोन मुले. त्यांच्या अडचणीचे कारण बुद्धीत किंवा नजरेत सापडत नाही, सेरेब्रल पाल्सीसारखा आजारही नसतो; शिकण्याची संधी मिळूनही वयाच्या मानाने हालचाली बसत नाहीत आणि रोजचे जगणे अडते. सदऱ्याची बटणे, बुटाची नाडी, वहीतले अक्षर, अंगावर येणारा चेंडू, दोरीवरच्या उड्या. महाराष्ट्रातल्या शाळेत यात लेझीमची भर पडते, कारण तिथे हात, पाय आणि हलगीचा ठेका एकाच क्षणी जुळावा लागतो. असे मूल कवायतीत मागच्या रांगेत जाते, संघ निवडताना शेवटी उरते, घरीदारी वेंधळे ठरते. लक्ष दिले असते तर जमले असते, असा त्याच्यावर सगळ्यांचा न बोललेला आरोप असतो, आणि वर्षअखेरीस तो प्रगतिपुस्तकात एका अक्षराच्या रूपाने उतरतो.

या आरोपाची तपासणी करायला आपल्याकडे जुने आणि चांगले साधन आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्यामागे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे शांकरभाष्य सांगते. करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे नाना प्रकारचे व्यापार. दैवाच्या अर्थाविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. लगेच पुढे असा निर्वाळा येतो की हे असे असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही. गीतेला तिथे मोक्षाची चिंता आहे, शाळेतल्या श्रेणीची नाही, हे मान्यच. पण कर्माच्या कारणांची ती फोड मोक्षाबाहेरही खरी राहते. हा विचार आपण बहुतेक वेळा यशस्वी माणसाला ऐकवतो, त्याचा अहंकार उतरावा म्हणून. जो न्याय श्रेयाला तोच दोषालाही लावायला हवा. मुलाच्या हातून चेंडू निसटला, तर त्यात त्याचे शरीर आहे, त्याचे डोळे आणि हात आहेत, कोणी कधी शिकवलेली किंवा न शिकवलेली हालचाल आहे, आणि ज्यावर कोणाचाच ताबा नाही असेही काही आहे. साधनांत तो चेंडूही धरावा लागेल: टणक की मऊ, लहान की मोठा, किती अंतरावरून फेकलेला. श्रेणी देताना ही सगळी कारणे पुसून टाकली जातात आणि उरलेल्या एकट्या कर्त्याच्या नावापुढे ‘क’ लिहिला जातो.

इथे अनेक सहृदय शिक्षक एक तोड सुचवतात: जमले किती ते पाहू नये, प्रयत्न किती केला याचे गुण द्यावेत. हेतू चांगला आहे, तरी ही तोड मला पटत नाही. जॉन रॉल्स यांनी 1971 च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात उपजत देणग्यांची वाटणी नैतिकदृष्ट्या यादृच्छिक ठरवली, आणि त्याच ओघात हेही दाखवले की प्रयत्न करण्याची वृत्तीसुद्धा घर आणि परिस्थिती यांवर अवलंबून असते. हालचाली अवघड जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे अधिकच तीव्र होते. कॅनडातले संशोधक जॉन केर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवले की समन्वयाची अडचण असलेली मुले खेळात कमी उतरतात, आणि त्यामागे ‘हे आपल्याला जमेल’ या विश्वासाचा अभाव मोठ्या प्रमाणात असतो. चार वेळा हसे झालेले मूल पाचव्या वेळी पोट दुखते म्हणून सावलीत बसले, तर बाहेरून ते आळशीच दिसेल. प्रयत्न मोजायला निघालेला शिक्षक मग त्या मुलाला दोनदा दंड करेल, आधी शरीराबद्दल आणि नंतर शरीरामुळे खचलेल्या मनाबद्दल. शिवाय दुसऱ्याच्या अंतःकरणातली खटपट मोजण्याचा अधिकार शाळेकडे येतो कुठून?

शाळेचा अधिकार शिकवण्यातून येतो, आणि माझा सारा युक्तिवाद याच एका खुंटीला बांधलेला आहे. श्रेणी म्हणजे ज्याने शिकवले त्याने, शिकवण्यातून काय निष्पन्न झाले, याचा दिलेला अहवाल. शिकवण्याआधीच मुलाने शरीरात जे आणले त्याची नोंद शाळेने जरूर ठेवावी, कारण नोंदीशिवाय शिकवता येत नाही. पण त्याला श्रेणी देणे म्हणजे जे आपण दिलेच नाही त्याचा हिशोब मागणे. आता वस्तुस्थिती पाहा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचे मैदान आणि क्रीडासाहित्य मागितले आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मात्र फक्त सहावी ते आठवीत, आणि तोही पट शंभराच्या वर गेला तरच. पहिली ते पाचवीसाठी त्या परिशिष्टात अशा वेगळ्या शिक्षकाची तरतूदच नाही. म्हणजे ज्या इयत्तांत तोल आणि हालचालींचा मेळ मोजला जातो, त्याच इयत्तांत तो शिकवणारा जाणकार माणूस नेमण्याचे बंधन नाही. मोजमाप आधी येते आणि शिकवणे आले तर मागून येते. गणितात आपण असे करत नाही. तिथे एक अंकी बेरजेपासून रोज शिकवतो आणि मग परीक्षा घेतो. म्हणून गणितातही उपजत कुवत असतेच की, हा आक्षेप इथे लागू पडत नाही.

त्याहून जड आक्षेप वेगळा आहे. अक्षर गिरवता न येणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक किंवा जादा वेळ देता येतो, महाराष्ट्रात अध्ययन-अक्षम मुलांना अशा सवलती 1990 च्या दशकापासून मिळत आल्या आहेत, कारण इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असतो, हस्ताक्षर नव्हे. पण शारीरिक शिक्षणात हालचाल हाच विषय. तीच वगळली तर तपासायचे काय उरते? याचे उत्तर शोधताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2001 चा एक निकाल उपयोगी पडतो. केसी मार्टिन या गोल्फपटूच्या उजव्या पायाला रक्ताभिसरणाचा विकार होता. सामन्यात चालण्याऐवजी गाडी वापरू द्या, अशी त्याची मागणी होती आणि पीजीए टूरचा तिला विरोध होता. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला: गोल्फचे सार चेंडू मारण्याच्या कौशल्यात आहे, चालण्यात नाही. न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे विरोधी मत असे होते की खेळाचे नियम मुळातच स्वैर असतात, त्यामुळे कोणता नियम गाभ्याचा हे न्यायालय ठरवूच शकत नाही. निव्वळ खेळापुरते स्कॅलिया यांच्या म्हणण्यात मला तथ्य वाटते. खेळ हौसेने खेळला जातो, ज्याला नियम रुचत नाहीत तो बाजूला होऊ शकतो. पीटीचा तास मात्र सक्तीचा आहे, आणि सक्ती करणाऱ्याला तिचे प्रयोजन सांगावेच लागते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यांत ते आरोग्य आणि सर्वांगीण विकास असे सांगितलेले आहे. मुलाने जन्मभर आपले शरीर वापरत राहावे असा त्याचा अर्थ. मग विषयाचा गाभा म्हणजे शेजारच्यापेक्षा लवकर पन्नास मीटर धावणे नव्हे. आपल्या शरीराकडून काय होते, ते कसे वाढवावे, दम कसा सांभाळावा, इतरांसोबत कसे खेळावे, हे या मुलाला शिकवता येते आणि तपासताही येते. आणि जी श्रेणी त्याला मैदानापासून कायमची तोडते ती या प्रयोजनाच्याच विरोधात काम करते.

चपळ मुलांवर हा अन्याय नव्हे काय, असेही विचारले जाते. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हटले आहे की उत्तम बासरी उत्तम वादकाला द्यावी, श्रीमंताला किंवा कुलीनाला नव्हे, कारण कोणती वस्तू कोणाला हे तिच्या प्रयोजनावरून ठरते. शाळेच्या खो-खो संघात जागा उत्तम खेळाडूलाच मिळावी. तिथे दयेला वाव नाही. त्याच्यासाठी आंतरशालेय स्पर्धा आहेत, राज्य मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुणही आहेत. वर्गाचा तास ही त्या बासरीसारखी मोजकी गोष्ट नाही, तो प्रत्येकाला पुरतो. त्याचीही चढाओढ केली की काय होते ते अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या तंदुरुस्ती पुरस्काराने दाखवले. 1966 पासून चाललेल्या या पुरस्कारासाठी प्रत्येक चाचणीत देशभरच्या शंभरांतल्या 85 मुलांच्या वर असावे लागे. साध्या बहुसंख्य मुलांनाही तो रचनेनेच दुर्लभ होता, मग समन्वयाची अडचण असलेल्यांचे तर विचारायलाच नको. 2012-13 नंतर तिथे आरोग्याचा निकष लावणारी पद्धत आणली गेली. 2025 मध्ये जुनी चाचणी पुन्हा आणण्याचा आदेश निघाला, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

मग या मुलांना खोटा ‘अ’ द्यायचा का? मुळीच नाही. मुलांना सगळे दिसत असते; आपल्याला चेंडू झेलता येत नाही हे त्या मुलाइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि फुकटची श्रेणी त्याला अपमानासारखीच लागते. विषयातून सूट देणे हाही मार्ग नव्हे, कारण ही मुले शिकू शकतात. या विकाराविषयीच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात की प्रत्यक्ष जी कृती हवी तीच शिकवणाऱ्या पद्धतींचा उपयोग होतो. कॅनडात हेलेन पोलाटाइको आणि अँजेला मँडिच यांनी घडवलेल्या पद्धतीत मूल स्वतः ध्येय ठरवते, योजना आखते, करून पाहते आणि तपासते; सायकल, दोरीच्या उड्या, जे त्याला हवे ते. सूट दिली की ही वाटच बंद होते. आपल्या कायद्याने या मुलांची ओळखही धूसर ठेवली आहे: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचे नाव आहे, पण ते विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या यादीत, आणि तिची व्याख्या भाषा समजण्या-वापरण्यातल्या अडचणीवर उभी आहे. मैदानावर अडखळणारे पण अस्खलित वाचणारे मूल त्या व्याख्येत नीट बसत नाही. म्हणून प्रमाणपत्र आणा, मग सवलत देऊ, ही भूमिका इथे अपुरी पडते. न्याय्य मूल्यमापन सर्वच मुलांसाठी तसे असले पाहिजे: जूनमध्ये कुठे होते, काय शिकवले, मार्चमध्ये कुठवर आले. मल्लखांबाच्या चांगल्या व्यायामशाळेत हेच चालते. साधी अढी पक्की झाल्याशिवाय पुढचा प्रकार देत नाहीत, आणि ती कोणाला आठवड्यात येते, कोणाला पावसाळा लागतो. महाराष्ट्रात 2010 पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी यासाठीच होत्या. त्या रकान्यात सर्वांपुढे ‘खेळात रस घेतो’ एवढेच छापील वाक्य उतरवले जाते, तेव्हा चांगली सोय वाया जाते. साठ मुले आणि एक शिक्षक असताना हे जमणार कसे, ही तक्रार खरी आहे. पण ती शिक्षक वाढवण्याच्या बाजूचा पुरावा ठरते, श्रेणी आहे तशी देत राहण्याच्या बाजूचा नव्हे.

सर्वांत जड प्रसंग मात्र माझ्याच कसोटीला अडचणीत आणतो. मूल वर्षभर येत राहिले, शिक्षकाने चेंडू बदलला, अंतर कमी केले, कृतीचे तुकडे करून शिकवले, आणि तरीही मार्चमध्ये ते जूनच्याच जागी आहे. स्वतःशी केलेली तुलनाही त्याला नापास करते. इथे शिकवण्याचे फळ हे शिकवणारा, शिकणारा, शरीर आणि साधने यांचे सामायिक फळ आहे, हे शेवटपर्यंत धरून ठेवावे लागते. ते आले नाही, तर अहवालही सामायिकच असायला हवा. अशा मुलाच्या नावापुढे अक्षर लिहू नये. काय शिकवले, कोणत्या रीतीने, काय जमले नाही आणि पुढच्या जूनमध्ये कुठून सुरुवात करायची, एवढे लिहावे. यासाठी मूल्यमापनाच्या नियमांत एका कलमाची भर घालावी लागेल, आणि ती मागणी पालकांच्याही आधी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी करावी, कारण त्या अक्षराखाली सही त्यांचीच असते.