फेकीचा हिशेब

जुलै १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन चेंडू टाकता टाकता थांबला. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं होतं. बेसबॉलमध्ये तेव्हा या दुखापतीवर इलाजच नव्हता, खेळाडूनं गुपचूप घरी जायचं. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला आधी कधीच न झालेला एक प्रयोग केला. टॉमीच्या उजव्या हाताच्या मनगटाजवळची बारीकशी कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि ती त्यांतून ओवून घेतली. यश येण्याची शक्यता त्यांच्या मते शंभरात एक होती.

१९७५ चा अख्खा हंगाम टॉमी खेळला नाही. विक्रमांच्या पुस्तकात त्या वर्षापुढे काहीच नाही. मला मात्र त्याचं तेच वर्ष सर्वांत मोठं वाटतं. मज्जातंतूला इजा झाल्यानं बोटं आखडली होती, आणि जगातली सर्वांत सोपी गोष्ट, म्हणजे चेंडू मुठीत धरणं, तो पुन्हा शिकत होता. १९७६ ला तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

आपल्या सचिनचं कोपर आठवा. २००४ मध्ये टेनिस एल्बोनं त्याला गाठलं, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. २५ ऑक्टोबरला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो परत उभा राहिला आणि ९३ धावा काढल्या. टॉमी आणि सचिन, दोघांपाशी डॉक्टर होते, फिजिओ होते, थांबायची मुभा होती.

सोलापूरच्या पोरांपाशी यातलं काय असतं? ताकद आपल्या मातीत भरपूर आहे. आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी भाला फेकायची, २०२२ मध्ये ती भारताकडून क्रिकेट खेळली. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत काय चालतं बघा. ऊन चढायच्या आत नेटमध्ये बॉलिंग, मग सीमारेषेवरून थ्रोचा सराव, संध्याकाळी गल्लीतली टेनिस बॉलची मॅच. स्कोअरबुकात फक्त मॅचमधली षटकं चढतात, बाकीच्या फेकी कुणीच मोजत नाही. एखादा बारा वर्षांचा मुलगा थ्रो करून झाला की दुसऱ्या हातानं कोपर आतून दाबतो, हात झटकतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. सांगितलं तर संघातून काढतील, ही भीती. त्या वयात कोपराच्या हाडाची टोकं अजून कुर्चेची, वाढती असतात. लिगामेंट तुटायच्या आधी ताण तिथेच येतो.

अमेरिकेत मुलांच्या लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ पेक्षा जास्त फेकी टाकू देत नाहीत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर चार दिवस सक्तीची विश्रांती. तिथे वही घेऊन एक माणूस बसतो, एवढंच.

आईबाबांनो, सरांनो, तशी एक वही आजच घ्या. सकाळच्या, संध्याकाळच्या, गल्लीतल्या सगळ्या फेकी तिच्यात लिहा. आणि पोरगं म्हणालं की कोपर आतून दुखतंय, तर स्प्रे मारून त्याला परत मैदानात पाठवू नका. फेकणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.