चव घेतली, मोल दिले का?

गेल्या महिन्यात आपल्या वसईत शेतकरी आणि स्वयंपाकी यांना एकत्र आणणारा खाद्यमेळावा झाला. आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे तेथे भेटली. आम्हीही सहकुटुंब गेलो होतो. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता आणि कूपन देऊन छोट्या द्रोणातून एकेक पदार्थ चाखायचा होता. आगाशीचे भुजिंग होते, इंद्याल आणि तांदळाच्या रोट्या होत्या, डहाणू-घोलवडच्या चिकूचा हलवा होता. पण खरी गर्दी होती ती सुकेळीच्या गोडाभोवती.

आपल्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी सुकेळी होताना पाहिली नसेल. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उंच मांडवावर उन्हात वाळत घालायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची. असे आठवडाभर चालते. मध्येच आभाळ आले तर सारी मेहनत वाया. आज वसईत हे करणारी घरे फार थोडी उरली आहेत. अशाच एका वाडीतली सुकेळी घेऊन एका तरुण शेफने नारळाच्या दुधात गोड पदार्थ केला होता. मग शेफ आणि वाडीवाले काका या दोघांना मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिले गेले. आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या तासाने आम्ही त्याच काकांच्या टेबलाशी उभे होतो आणि म्हणत होतो, "चार पाकिटे घेतो, भाव जरा नीट लावा." काकांनी वीस रुपये सोडले. कूपनांसाठी मात्र आम्ही मागितले तेवढे पैसे मुकाट्याने मोजले होते. घरी येऊन उरलेली कूपने पाहिली तेव्हा हे ध्यानात आले आणि थोडी लाज वाटली.

यात चुकले काय? काका तर हसत कबूल झाले होते. दोघांच्या राजीखुशीने ठरलेला भाव हा योग्य भाव, असेच आपण धरून चालतो. पोप लिओ तेरावे यांना हे मान्य नव्हते. १८९१ सालच्या 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकात मजुरीविषयी लिहिताना त्यांनी बजावले की, गरजेपोटी दिलेली संमती ही न्यायाची खूण नव्हे. १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ'मध्ये हाच नियम व्यापाराला लावला. (१९६४ साली ते मुंबईला आले होते, तेव्हा आपल्या काही ज्येष्ठांनी त्यांना पाहिले असेल.) घेणारा आणि देणारा यांचे बळ सारखे नसेल, तर नुसत्या होकाराने सौदा न्याय्य ठरत नाही. आम्ही पाकिटे घेतली नसती तर आमचे काही बिघडले नसते. त्यांना मात्र माल परत न्यावा लागला असता.

कुणी म्हणेल, पेन्शनवर घर चालवणाऱ्याने भाजीचा भावही करू नये का? जरूर करावा. ज्याला खरोखरच परवडत नाही, त्याची घासाघीस आम्ही दोष मानत नाही. आमची अडचण वेगळी आहे. आम्हाला परवडत होते. टाळ्या वाजवून झाल्यामुळे जणू आपले देणे फिटले, असे आम्हाला वाटले होते. कौतुक फुकट असते, म्हणून ते आपण सढळ हाताने करतो.

आणि हा प्रश्न फक्त गिऱ्हाइकाचा नाही. या धर्मग्रामात आजही वाडी राखणारी घरे आहेत. त्यांच्याकडे खुरपणीला, केळी सोलायला आदिवासी पाड्यांवरच्या बाया येतात. त्यांची मजुरी आपण कशी ठरवतो? "त्या तेवढ्यातच येतात," असे म्हणूनच ना? मिस्सेत भाकर अर्पण करताना भूमीबरोबर माणसाच्या कष्टाचेही नाव घेतले जाते. तिथे वाडीच्या मालकाचे कष्ट निराळे आणि मजुराचे निराळे, अशी वाटणी नसते.

निघता निघता पाहिले ते सांगायचे राहिले. काकांच्या टेबलामागे एक बाई पाकिटे बांधत बसली होती. दिवसभर ती तिथेच होती, पण गोडाचा द्रोण काही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. शेवटी काका स्वतः जाऊन एक द्रोण घेऊन आले. तिने दोन घास खाल्ले, चमच्याने तळ ढवळून पाहिला आणि विचारले, "गोड आहे, पण यात सुकेळी कुठे आहे?"