हिंदूरावांच्या टेकडीवरून

दिल्लीच्या उत्तरेला हिंदूराव रुग्णालयाजवळ अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. जवळ जाऊन पाहिलं तर दगडातले सांधे दिसतात. हा स्तंभ मूळचा मेरठचा. १३५६मध्ये फिरोजशाह तुघलकाने तो या टेकडीवर आणला. पुढे १७१३ ते १७१९च्या दरम्यान दारूकोठाराच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. त्याच्या कहाणीत एक मराठी माणूसही आहे. कागलकर घाटग्यांपैकी हिंदूराव, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझरचा इथला बंगला त्यांनी घेतला आणि स्तंभाचे तुकडे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. अख्खा दगड नेणं परवडेना, म्हणून फक्त कोरलेला भाग कापून पाठवला गेला. तो परत आला आणि १८६७मध्ये स्तंभ पुन्हा उभा राहिला.

दगड असा फुटतो, तर त्यावरचं ज्ञान टिकवायचं कसं? याचं अशोकाचं उत्तर त्याच्याच दुसऱ्या, मूळच्या टोपरा गावच्या स्तंभावर आहे. तो स्तंभ आज फिरोजशाह कोटल्यात आहे. जिथे शिलास्तंभ किंवा शिलाफलक असतील तिथे हा लेख कोरावा, म्हणजे तो दीर्घकाळ टिकेल, असं अशोक तिथे सांगतो. आपल्याला दगडाच्या टणकपणाचं कौतुक वाटतं. मला मात्र त्याहून मोठी दृष्टी वाटते ती अनेक प्रती करण्याची. तीच शासनं टोपऱ्याला, मेरठला, लौरियाला, अलाहाबादच्या स्तंभावर. मेरठचा दगड फुटला तरी मजकूर गेला नाही.

वाचणारे मात्र संपले होते. फिरोजशाहाने पंडितांना बोलावलं, पण कोणालाच ती लिपी लागेना. दिल्ली, अलाहाबाद आणि लौरिया इथल्या लेखांच्या नकला शेजारी ठेवल्यावर मजकूर एकच आहे हे एशियाटिक सोसायटीच्या जेम्स प्रिन्सेपच्या ध्यानात आलं, आणि १८३७मध्ये ही ब्राह्मी लिपी उलगडली. या नकला सोसायटीच्या नियतकालिकात छापून तो सगळ्यांपुढे ठेवत होता.

महाराष्ट्रात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे याच वाटेने गेले. घरोघरची दप्तरं वाळवीच्या आणि रद्दीच्या तोंडी जात होती. कित्येक घराण्यांना कागद पेटीत बंद ठेवणं हेच त्यांचं रक्षण वाटे. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद मिळवले आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने खंडामागून खंड छापले. छापलेलं पत्र अनेकांच्या कपाटात गेलं, की मूळ कागद जळाला तरी पत्र उरतं.

संगणकावर आल्यावर हा धडा आपण अर्धाच लक्षात ठेवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९मध्ये प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा नियम केला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘शोधगंगा’ हे भांडार आज कोणीही पैसे न देता वाचू शकतो. हे फार मोठं काम आहे. पण ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चं काय झालं तेही आठवावं. लाखो पुस्तकांचं ते सरकारी संकेतस्थळ बंद पडलं. त्यातली बरीच पुस्तकं आज वाचता येतात, कारण कोणीतरी त्यांच्या प्रती वेळीच इंटरनेट अर्काइव्हवर चढवल्या होत्या. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते अर्काइव्हही काही दिवस बंद होतं. मोठ्यातलं मोठं भांडारही एकटं पुरत नाही.

मराठीची अडचण याहून बारीक आणि जास्त काळजीची आहे. युनिकोडच्या आधी, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेला प्रबंध आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं उमटतात. फाइल शाबूत, मराठी नाहीशी. फिरोजशाहाच्या पंडितांची जी गत झाली ती आपली पंचवीस वर्षांत झाली. कित्येक प्रबंधांची तर नुसती पानांची छायाचित्रं आहेत. त्यांत एखादं गावाचं नाव शोधायचं तर पान न् पान उलटावं लागतं.

म्हणून विद्यापीठांच्या मराठी विभागांकडे माझं मागणं साधं आहे. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणा. ते जाणणारे टंकलेखक आणि मुद्रक अजून आपल्यात आहेत तोवर आणा. पानांच्या चित्रांसोबत शोधता येईल असा मजकूर द्या. एक प्रत विद्यापीठात, एक शोधगंगेवर, आणि एक अशा ठिकाणी ठेवा, जिथली वीज, पैसा आणि अधिकारी या दोन्हींपेक्षा वेगळे असतील.