चेंबर बंद करण्यापूर्वी

माणसाचा प्रामाणिकपणा कुठे तपासावा, असे कोणी विचारले तर लोक बाजाराकडे, कचेरीकडे किंवा निवडणुकीकडे बोट दाखवतात. आम्ही इंजिनाच्या पोटाकडे दाखवू. आम्ही तिघे भाऊ. डोझर, लोडर, डंपर अशा जड यंत्रांची जुनी डिझेल इंजिने खोलायची आणि पुन्हा बांधायची, हा आमचा दुसऱ्या पिढीतला धंदा. घरात दखनी बोलतो, हिशेब मराठीत लिहितो आणि पाना हातात आला की निम्मे शब्द इंग्रजी होतात. हा धंदा आम्हांला मामूंनी शिकवला. त्यांच्यापासून चालत आलेला एक प्रश्न आहे, तो आज वाचकांपुढे ठेवतो. जे काम एकदा झाकले की कोणालाच दिसणार नाही, ते नीट करण्याचे देणे आपण नेमके कोणाला लागतो?

गेल्या वर्षी एका खडी क्रशरवरून डोझरचे इंजिन आमच्याकडे आले. कमिन्स ८५५. हा आकडा घनइंचांचा, म्हणजे सुमारे १४ लिटर. सहा सिलिंडर, दोन-दोन सिलिंडरांवर एक अशी तीन हेडे. ही कंपनी अमेरिकेतल्या कोलंबस, इंडियाना या गावी १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स यांनी काढली. हे गृहस्थ मूळचे एका बँकवाल्याच्या मोटारीचे ड्रायव्हर-मेकॅनिक. आम्हांला या गोष्टीचे उगीचच अप्रूप वाटते. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत ती पुण्यात आली आणि महाराष्ट्रातल्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्या या इंजिनांवर हात बसवून जगल्या.

तक्रार नेहमीचीच होती. ऑइलचे प्रेशर पडते, ऑइलमध्ये पाणी येते, ओढ राहिली नाही. आम्ही इंजिन खोलायला घेतले.

जुने इंजिन खोलणे म्हणजे आधीच्या मिस्त्रीचे पत्र वाचणे. तो कोण, कुठला, हयात आहे की नाही, काही माहीत नसते. पण त्याने काय केले ते सगळे समोर येते. या इंजिनाचे लायनर बाहेर काढले. आतून, जिथे डिझेल पेटते तिथून, ते झिजले होते, पण वाईट नव्हते. बाहेरून, पाण्याच्या अंगाला, मात्र सुईने टोचल्यासारखी भोके पडली होती. पेटत्या डिझेलच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याला लागून पाण्यात बारीक बुडबुडे उठतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याबरोबर धातूचा कण जातो. ते टाळण्यासाठी पाण्यात औषध घालावे लागते. इथे वर्षानुवर्षे बोअरचे नुसते पाणी ओतलेले. लायनर आगीने गेला असेल असे सगळे समजतात. तो गेला होता थंड बाजूने.

मग खाली क्रँककडे वळलो. तिसऱ्या मेन बेअरिंगचा शेल उचलला तर त्याच्या पाठीमागून पत्र्याचा पातळ तुकडा निघाला. कोणीतरी योग्य मापाचे बेअरिंग घेण्याऐवजी पत्रा घालून फट भरली होती. असा शेल आपल्या घरात घट्ट बसत नाही, त्याची उष्णता ब्लॉकमध्ये उतरत नाही, आणि तो हळूहळू मरतो. इंजिन सुरू केल्यावर मात्र काही दिवस प्रेशर झकास दाखवते. तेवढ्यात मिस्त्रीचे पैसे हातात आलेले असतात.

आमच्या धंद्यात मोजायचे माप थाऊ. एका इंचाचा हजारावा भाग. या इंजिनात लायनर ब्लॉकच्या वर तीन ते सहा थाऊ उचललेला हवा. कमी असला तर गॅस्केट दाबले जात नाही. डोळ्याला हा फरक दिसत नाही. डायल लावला तरच कळतो. किराणा दुकानात काटा मारला तर गिऱ्हाईक घरी जाऊन पुन्हा तोलून पाहू शकते. आमच्याकडे पुन्हा तोलणारा कोणी नाही. ‘मापात पाप’ ही म्हण ज्याने केली, त्याने मायक्रोमीटर पाहिला नसेल. पण तिला आमच्या दुकानाइतकी मोकळी जागा क्वचितच कुठे मिळेल.

क्रँक झिजला की ग्राइंडिंगला जातो. दहा थाऊ, वीस, तीस, चाळीस अशी उतरती मापे असतात, आणि चांगला ग्राइंडर जर्नलच्या शेजारच्या जाड भागावर ते माप ठोशाने कोरून ठेवतो. हा आकडा मालकासाठी नसतो. अजून कित्येक वर्षांनी ते इंजिन खोलणाऱ्या अनोळखी मिस्त्रीसाठी असतो. आमच्या समोरच्या क्रँकवर तीसचा आकडा होता. चाळीससाठी पाठवला, तर ग्राइंडरने आधी भेग तपासली. क्रँक चुंबकित करायचा, वर चमकणारी लोहपूड मिसळलेला द्रव सोडायचा आणि निळसर जांभळ्या दिव्याखाली पाहायचे. चौथ्या बिग-एन्डच्या कडेला, गोलाईत, एक हिरवी रेघ उजळली. केसाएवढी.

आम्ही मालकांना बोलावून ती रेघ दाखवली. ते म्हणाले, “मिस्त्री, सहा महिन्यांत मला हे मशिन विकायचेच आहे. पॉलिश मारा आणि बसवा. चेंबर बंद झाल्यावर कोण बघतो?”

हे ऐकून आम्ही संतापलो, असे लिहिणे सोपे आहे. खरे असे की आम्ही गप्प झालो. कारण हेच वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते आणि मानलेही होते. मामू दवाखान्यात होते, पैशाची निकड होती, आम्ही तरणे होतो. एका लोडरचा भेग पडलेला क्रँक आम्ही जाणूनबुजून बसवला. इंजिन सुरेख चालले. मालकाने मशिन विकले. ते कुठे गेले, त्याच्यावर कोणता ऑपरेटर बसला, क्रँक तुटला तेव्हा यंत्र सपाटीवर होते की उतारावर, यातले काही आम्हांला आजवर कळलेले नाही. कदाचित तो क्रँक कधी तुटलाही नसेल. पण त्याने आमचे केलेले बरोबर ठरत नाही. नशिबाने वाचलेला माणूस आणि आम्ही वाचवलेला माणूस एकच नव्हेत.

या वेळी आम्ही नकार दिला. त्यावर नेहमीचे तीन युक्तिवाद पुढे आले. पहिला, वस्तू त्यांची आहे. खरे आहे, पण मशिनवर बसणाऱ्याचा जीव त्यांचा नाही. दुसरा, तुम्ही नाही तर दुसरा कोणी बसवेल. तेही खरे, मात्र दुसऱ्याच्या हातून होणार म्हणून एखादे काम आपल्या हाताला शोभत नाही. तिसरा युक्तिवाद आम्हांला जड गेला. प्रामाणिकपणा पोट भरलेल्यांना परवडतो, असा तो होता. ज्याचे एकच मशिन आहे आणि त्यावर बँकेचा हप्ता आहे, त्याला सगळे नवे घाला म्हणणे ही क्रूरताच आहे. आम्ही तसे म्हणत नाही. मर्यादेत असलेला जुना पिस्टन पुन्हा घालतो, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तपासून आणलेला क्रँकही घालतो. जुने वापरण्यात पाप नाही; जुन्याला नवे म्हणण्यात आहे. भेग तर जुनेपणाच्या हिशेबातच येत नाही.

मालकांनी सुटे केलेले इंजिन टेम्पोत भरून नेले. खोलण्याची मजुरी निम्मीच दिली. जाण्यापूर्वी आमच्यात वाद झाला. धाकट्याचे म्हणणे, क्रँकवर गुपचूप ठोशाने खूण करू. पुढच्या मिस्त्रीला कळेल. थोरल्याचे म्हणणे, वस्तू आपल्याकडे अमानत आहे. तिच्यावर चोरून आपले मत कोरणे हीसुद्धा अमानतीत खयानतच. शेवटी भेगेची जागा बिलावर स्वच्छ अक्षरात लिहिली, मालकांना वाचून दाखवली आणि त्यांची सही घेतली. ते बिल फाडायला एक क्षण पुरतो, हे आम्हांला ठाऊक होते. तो क्रँक आज कुठल्यातरी इंजिनात फिरत असू शकेल. आपण खूण करायला हवी होती का, हा वाद आमच्या जेवणाच्या दस्तरखानावर अजून निघतो, आणि मिटत नाही.

एवढे मात्र ठरले. तेव्हापासून आम्ही बांधलेल्या प्रत्येक इंजिनाचा कागद करतो: कोणते माप, काय नवे, काय जुने, काय मर्यादेच्या काठावर. मालकाला एक प्रत देतो, एक आमच्याकडे ठेवतो. दोन-तीन गिऱ्हाइके यामुळे तुटली. एकदा एक अनोळखी माणूस जुना लोडर विकत घेण्यापूर्वी आमच्याकडे विचारायला आला. मालकाला तिथूनच फोन लावला, त्याने हो म्हटल्यावर कागद पुढे ठेवला. त्याने तो वाचला, चहा घेतला आणि गेला. घेतला की नाही, माहीत नाही.

चेंबर चढवण्यापूर्वी मामू हात पुसत विचारायचे, “कुछ रह्या क्या रे?” आम्हांला वाटायचे, आत एखादा पाना किंवा चिंधी राहिली का, हेच ते विचारतात. आम्ही बॅटरी घेऊन कोपरे बघायचो आणि “नहीं मामू” म्हणायचो. आता ते नाहीत. प्रश्न आम्हीच एकमेकांना विचारतो, आणि उत्तर द्यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.