दारुड्याचा शेजारी

१९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरी बिल विल्सन नामक गृहस्थ एका हॉटेलात उभा होता. धंद्यात अपयश आलेले, शेजारीच मद्यालय, आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले! त्याने एका पाळकास टेलिफोन केला. उपदेश मागितला नाही. एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या, असे विनविले. त्या धाग्याने तो डॉक्टर बॉब स्मिथ ह्यांजपर्यंत पोहोचला. बोध त्यांनी पुष्कळ ऐकला होता. परंतु हा स्वतःचीच दुर्दशा सांगू लागला, तेव्हा ते तासन्‌तास बसून राहिले. त्यांनी १० जून रोजी शेवटचा पेला घेतला. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची संगत तेव्हापासून धरितात, तिच्या सभा आज महाराष्ट्रातही भरतात, फी नसते.

आपण मात्र दारुड्यास प्रभुभोजनापासून दूर करितो आणि शिस्त झाली असे मानितो. शोमरोनी मनुष्याने जखमा बांधिल्या, शिवाय उतारशाळेचा खर्चही दिला. मंडळीने आठवड्यातून एक सायंकाळ शाळेची खोली अशा बांधवांस द्यावी. पाळकाने दार उघडून बाहेरच थांबावे. मात्र फार दिवसांच्या पिणाऱ्यास घरात कोंडून दारू एकाएकी तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, प्राणही जातो. त्यास आधी दवाखान्यात न्यावे, आणि सोबत कोणी राहावे.