पांढरी, काळी आणि तीन लिटर ऑइल

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो. बोनेट उघडत मात्र नाही. पोळ्याचं तसं नाही. वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची, हातानं चोळायचं आणि मग त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हार, झूल, मिरवणूक हे सगळं नंतर. ज्याच्या बळावर आपलं चालतं त्याच्या दुखऱ्या जागेपर्यंत आपला हात आधी पोचावा, एवढी साधी अपेक्षा त्यात आहे. अर्थात मोठ्या वाड्यांवर तो हातही मालकाचा नसे, सालदाराचा असे. म्हणजे प्रश्न जुनाच आहे, फक्त बैलाच्या जागी आता यंत्र आलं आहे.

प्रश्न नेमका करू. जे काम दीड-दोनशे रुपये मजुरी देऊन अर्ध्या तासात करून घेता येतं, ते माणसानं स्वतः करावं का? आणि करायचं तर कशासाठी?

उदाहरण म्हणून इंजिन ऑइल घेऊ. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं पोटापाण्याचं सगळं काम पडद्यावरचं. राहतो अमरावतीत, आईवडील अकोल्यात, त्यामुळे मधला शंभरेक किलोमीटरचा रस्ता महिन्यातून दोन-तीनदा होतोच. गाडीचे दहा हजार किलोमीटर भरले तेव्हा यंदा पहिल्यांदाच अकोल्याच्या घरी, अंगणात, ऑइल मी स्वतः बदललं.

काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे. गाडी सपाट जागी घ्यायची. इंजिन पाच-सात मिनिटं चालवायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन निघतं. फार तापवायचं नाही, हात भाजतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, खाली पक्के स्टँड लावायचे. गोटी पान्यानं चेंबरचा नट सैल करायचा, शेवटचे आटे हातानं सोडवायचे आणि खाली पसरट टब ठेवायचा. जुना फिल्टर काढायचा, नव्याच्या रबरी रिंगवरून ऑइलचं बोट फिरवायचं आणि तो हातानंच बसवायचा. नटाला नवा वॉशर घालायचा. मग पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वरून ओतायचं. लहान पेट्रोल गाडीला ते तीन-साडेतीन लिटर लागतं. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं, दांडी ओढून पातळी बघायची. मला दीड तास लागला. मिस्त्रीला वीस मिनिटं लागतात.

पैसे वाचले का? फारसे नाही. ऑइल, फिल्टर, वॉशर यांचा खर्च तेवढाच. वाचली ती फक्त मजुरी, आणि पाने, टब, स्टँड विकत घेतले ते धरलं तर पहिली काही वर्षं तोटाच. त्यामुळे हे उत्तर निकालात निघतं.

दुसरं उत्तर स्वावलंबनाचं. ते कानाला बरं वाटतं, पण बारकाईनं पाहिलं तर विरून जातं. ज्या कच्च्या तेलापासून ऑइल झालं ते कुठल्या तरी परक्या जमिनीतून आलेलं. पाना कुणीतरी भट्टीत घडवलेला. रीत मी एका अनोळखी माणसाच्या व्हिडिओतून शिकलेलो. नट किती आवळायचा हे तर नेहमीच्या मिस्त्रीलाच फोन करून विचारलं. तो म्हणाला, “लय ताकद लावजा नोका भाऊ. चेंबरचे आटे गेले तं मंग माह्याकडंच या लागीन.” ज्याच्यावाचून करायचं म्हणून निघालो, त्याचंच ज्ञान घेऊन काम पुरं झालं.

त्याच फोनवर तो आणखी एक वाक्य बोलला आणि ते माझ्या डोक्यात राहिलं. “तुमी इंजिनेर माणूस, कायले हात काळे करून रायले? आमाले दुसरं काम येत नाही म्हून करतो.”

या वाक्याचा दुसरा भाग खरा नाही. गाडी फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून तो सांगतो की पट्टा ढिला आहे की बेअरिंग गेलं आहे. हे ‘दुसरं काम येत नाही’ म्हणून जमत नाही. वर्षानुवर्षं कान आणि बोटं लावल्यावर जमतं. पहिला भाग मात्र विचार करायला लावतो. इंजिनिअर झालेल्या माणसाचे हात काळे होऊ नयेत असं त्यालाही वाटतं, मला शिकवणाऱ्यांनाही वाटत होतं आणि माझ्या आईवडिलांना तर वाटतंच. मुलगा शिकला म्हणजे मातीतून, ग्रिसमधून, घामातून सुटला. आपण या वर्गाला नाव काय दिलं? पांढरपेशा. आणि हात काळे होणं म्हणजे काहीतरी वाईट केलेलं असणं.

गंमत अशी की ऑइल काळं होतं ते त्याचं काम करतं म्हणून. नवं ऑइल मधासारखं असतं, निघतं ते डांबरासारखं. बघणाऱ्याला वाटतं, नासलं. प्रत्यक्षात ऑइलमध्ये अशी द्रव्यं मिसळलेली असतात की ती जळणातून निर्माण झालेली काजळी धरून ठेवतात, तिला इंजिनाच्या भिंतींवर बसू देत नाहीत. अकोल्याच्या मे महिन्यातले पंचेचाळीस अंश आपल्याला सोसवत नाहीत, ऑइल शंभर अंशांच्या आसपास हे काम करत असतं. इंजिन आतून स्वच्छ राहतं, कारण घाण ऑइलनं स्वतःकडे घेतलेली असते. त्या द्रव्यांची ताकद संपते म्हणून ते बदलावं लागतं. मूळ तेल बहुतांशी शाबूत असतं, शुद्ध करून पुन्हा वापरता येतं.

जुन्या गावगाड्यात वस्तीच्या जागेला पांढरी म्हणत आणि शेतजमिनीला काळी. राहायचं पांढरीत, पण पोट काळीवर. वऱ्हाडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पांढरपेशा या शब्दाला मात्र जणू या काळीचा विसरच पडला आहे.

हा विसर कसा मोडायचा, याची दोन मोठी उत्तरं योगायोगानं एकाच वर्षातली आहेत. १९३६ साली आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधी सेगावला राहायला आले. त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. शरीरश्रम हे त्यांच्या आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक. प्रत्येकानं निदान आपल्या भाकरीपुरती अंगमेहनत करावी, ही कल्पना त्यांनी टॉलस्टॉयच्या वाचनातून घेतली होती. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि तिथे कधीच न झालेलं भाषण स्वतः छापून काढलं, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यातला त्यांचा एक मुद्दा असा की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. आणि तीही एकावर एक रचलेल्या कप्प्यांत, जिथे माणसाची आवड किंवा कुवत विचारली जात नाही.

माझं अंगणातलं काम गांधींच्या कसोटीवर कदाचित पास होईल. आंबेडकरांच्या कसोटीवर ते टिकत नाही. मी गाडीखाली गेलो ते सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या मर्जीनं, रबरी हातमोजे घालून. वापरलेल्या ऑइलचा कातडीला वारंवार होणारा संपर्क घातक असतो, दीर्घकाळात त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो, हे मी आधी वाचून ठेवलं होतं. मिस्त्रीच्या हाताखालचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा दिवसातून आठ-दहा गाड्यांखाली उघड्या हातानं जातो आणि संध्याकाळी डिझेलनं हात धुतो. मी दीड तासानं पांढरीत परत आलो. त्याला तो रस्ता नाही. वर्षातून एकदा हौसेनं काळे केलेले हात ही भिंत पाडत नाहीत, आणि तसं मानणं ही स्वतःची फसवणूक आहे.

मग केलं त्याचा उपयोग काय? मला वाटतं उपयोग एवढाच, की मजुरी देऊन आपण काय विकत घेतो ते कळतं. आपण समजतो की श्रम विकत घेतले. श्रमाबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे न बघण्याची सोय. आमच्या धंद्यात तर ही सोय म्हणजे उत्तम रचनेचं लक्षण. आतल्या थरात काय चाललंय हे वरच्या थराला कळायची गरजच पडू नये, बटण दाबलं की काम व्हावं. प्रोग्रामपुरतं हे ठीक आहे, तिथे आत आकडे असतात. गावात आणि शहरात आतल्या थरात माणसं असतात.

ज्या रस्त्यावरून मी ये-जा करतो त्याचंच घ्या. अमरावती ते अकोला दरम्यान, लोणी ते मूर्तिजापूर, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर २०२२च्या जूनमध्ये सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हा आकडा आमच्या भागात पुष्कळांना पाठ आहे. जूनच्या उन्हात, दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या डांबराजवळ, दिवसरात्र पाळ्या करून उभी राहिलेली शेकडो माणसं कोण होती, हे कुणाला विचारावंसंही वाटत नाही. गाडी त्या रस्त्यावरून फार छान पळते.

न बघण्याची सोय सर्वांत जास्त कुठे लागते, हे टब भरल्यावर समजलं. नवं ऑइल आत गेलं, आता या तीन लिटर काळ्या ऑइलचं काय? व्हिडिओ इथे संपतो. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी टाकली आहे. कागदावर वाट स्पष्ट आहे. अंगणात टब घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर मात्र दोनच गोष्टी असतात, घरासमोरची नाली आणि मिस्त्रीचं दुकान.

नालीचा विचार आपल्या भागात तरी कुणी करू नये. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी लागलं तरी तोंडात घेववत नाही. अकोला शहर महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी पितं. जिथे गोड पाण्याची किंमत प्रत्येक घराला माहीत आहे, तिथे ऑइल जमिनीत किंवा नालीत सोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या माठात हात घालणं. आणि अकोल्याच्या नाल्या शेवटी मोर्णेला मिळतात. तीच मोर्णा, जी २०१८च्या जानेवारीत जलकुंभीनं गच्च भरली होती आणि जिच्यासाठी शहरातली साधी माणसं काठावर उतरली होती.

म्हणून ते ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून मिस्त्रीकडे नेलं. माझं स्वावलंबन असं त्याच्याच दारात येऊन थांबलं. त्याच्याकडे दोनशे लिटरचा ड्रम आहे. मी विचारलं, हे पुढे कुठे जातं? तो म्हणाला, “सेंट्रिंगवाले नेतात पाट्याले लावाले. बाकीचं एक गाडीवाला येऊन घेऊन जाते.” तो गाडीवाला ते कुठे नेतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यालाही न बघण्याची सोय लागते. ती त्यानं आणखी पुढे ढकललेली आहे. दर वर्षी माझ्या नावचे तीन लिटर त्या ड्रममध्ये पडत होते. नट कुणाच्या हातानं उघडला याला फार महत्त्व नाही, ते ऑइल माझंच होतं.

इथे गाडगेबाबांची आठवण होते. ते आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. १९५६च्या डिसेंबरमध्ये वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे, त्यामुळे माझ्या पदवीच्या कागदावरही आहे. हातात खराटा घेतलेल्या, फारसं न शिकलेल्या माणसाचं नाव दरवर्षी हजारो पदव्यांवर छापलं जातं. त्यांचा खराटा आपण स्वच्छतेच्या आणि स्वावलंबनाच्या धड्यात बसवला. पण ते स्वतःचं अंगण झाडत नव्हते, त्यांना अंगण नव्हतंच. ते ज्या गावी जात तिथली दुसऱ्यांनी केलेली घाण दिवसा झाडत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारत. ‘आपलं आपण करावं’ यापेक्षा ही गोष्ट अवघड आहे. घाण दिसल्यावर ती कुणाची म्हणून बाजूला होता येत नाही, आणि नुसती झाडून गप्पही बसता येत नाही.

मिस्त्रीच्या पोटावर पाय देऊन स्वतःचं कौतुक करून घेण्यात अर्थ नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी ऑइल बहुधा त्याच्याकडेच बदलून घेईन. प्रत्येकानं गाडीखाली शिरावं असं माझं म्हणणं नाही. एकदा शिरून पाहावं, एवढंच. त्यानंतर त्याच दुकानात गेलं की मजुरीवरून घासाघीस करायला जीभ रेटत नाही. त्या पोराच्या उघड्या हातांकडे लक्ष जातं आणि हातमोज्यांची एक पेटी नेऊन ठेवावीशी वाटते. त्यानं ते वापरले नाहीत तर का वापरत नाही, हे विचारावंसं वाटतं. आणि ड्रम घेऊन जाणारा गाडीवाला पुन्हा आला की तो ते कुठे नेतो याची चौकशी करावी लागते, कारण त्यात आपलेही तीन लिटर आहेत.